मैदानावरील न्यायासन

माणसाने न्यायदानाची जी अनेक स्थाने निर्माण केली, त्यांत फुटबॉलच्या मैदानाइतके उघडे आणि निकडीचे स्थान दुसरे क्वचितच असेल. दिवाणी अदालतीत न्यायाधीशाला साक्षीदार तपासता येतात, जुने दफ्तर मागवता येते, खटल्याला तहकुबी देता येते, आणि एवढे करूनही निकाल चुकला असे वाटल्यास पक्षकाराला वरच्या न्यायालयात दाद मागण्याची मुभा असते. फुटबॉलच्या पंचाला यांपैकी कोणतीच सवलत नाही. ऊर धपापत असताना, बावीस खेळाडूंच्या गर्दीतून जेवढे दृष्टीस पडले तेवढ्याच्या आधारावर त्याने एका क्षणात फैसला करायचा असतो, आणि तो फैसला दोन्ही पक्षांनी तिथल्या तिथे मान्य करून खेळ पुढे चालू ठेवायचा असतो. ही व्यवस्था टिकते कशी, हा प्रश्न जितका खेळाचा तितकाच समाजाचाही आहे. आणि त्याचे उत्तर पंचाच्या शिट्टीत जेवढे आहे त्याहून अधिक ते खेळाडूंच्या आणि प्रेक्षकांच्या नियमज्ञानात आहे, हेच या प्रकरणाचे प्रतिपाद्य होय.

व्यावसायिक फुटबॉलमधील पंचाच्या दिमतीला आज दोन सहायक, एक चौथा पंच, गोलरेषेवर नजर ठेवणारी यंत्रणा आणि २०१८ मध्ये नियमपुस्तकात दाखल झालेला व्हिडिओ-सहायक असा मोठा लवाजमा असतो. अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, एखाद्या तालुक्याच्या गावी शालेय सामना चालवणारा क्रीडाशिक्षक मात्र बहुधा एकटाच असतो. त्याच्या खिशात एक शिट्टी, दोन रंगांची दोन कार्डे, एक पेन्सिल आणि मनगटावर घड्याळ, एवढाच त्याचा सरंजाम. अकोल्याच्या बाजूला सह्याद्रीच्या पावसात चिखल झालेले मैदान, कर्जत-जामखेडकडे मुरमाची तापलेली जमीन, आणि साखर कारखान्यांच्या पट्ट्यात शिक्षणसंस्थांनी राखलेली हिरवळ, अशा तिन्ही तऱ्हांच्या भूमीवर त्याला एकच नियमपुस्तक लागू करायचे असते.

भारतात हा खेळ पलटणींच्या कवायतीच्या मैदानांवरून आणि मिशनच्या शाळांतून आला, आणि या दोन्ही वाटा नगर शहरातून गेलेल्या आहेत. १८०३ मध्ये भुईकोट किल्ला इंग्रजांच्या हाती पडला व पुढे शहरालगत छावणी वसली. १९४८ पासून चिलखती दलाचे केंद्र आणि प्रशिक्षणशाळा येथे नांदत आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून येथे आपले कार्य मांडले, आणि १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज उभे राहिले. तथापि जिल्ह्याचा जीव आजही कुस्तीत आणि कबड्डीत अधिक रमतो. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींनीच फुटबॉलचे संघ पोसले आणि शाहू स्टेडियमवर पेठापेठांची ईर्ष्या पिढ्यान्‌पिढ्या नांदली; तसा दाट इतिहास नगरच्या वाट्याला आलेला नाही. म्हणूनच येथे प्रेक्षकाला खेळाचा उत्साह असतो पण नियमांचा परिचय बेताचाच असतो, आणि त्या अपरिचयाचा सारा भार एकट्या पंचावर येऊन पडतो.

पंच मैदानात आला कसा

आज पंचाशिवाय फुटबॉलची कल्पनाही करवत नाही; परंतु २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये काही क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि फुटबॉल असोसिएशनची स्थापना होऊन त्याच वर्षअखेर खेळाचे पहिले सामाईक नियम ठरले, तेव्हा त्या नियमांत पंचाचा उल्लेखच नव्हता. सभ्य गृहस्थ खेळत आहेत, त्यांच्यात तंटा उद्भवलाच तर दोन्ही कर्णधार तो आपसांत मिटवतील, अशी ती धारणा होती. चषकांच्या स्पर्धा सुरू झाल्या, प्रेक्षक वाढले, हारजितीला मोल आले, आणि ही धारणा अपुरी पडू लागली. मग प्रत्येक संघाने आपापला एक पंच नेमावा अशी वहिवाट पडली. पण प्रत्येक जण आपल्याच बाजूचा कैवार घेऊ लागला तेव्हा त्या दोघांचे मतभेद सोडवण्यासाठी मैदानाबाहेर तिसरा तटस्थ मनुष्य उभा करणे भाग पडले. १८९१ मध्ये हा तिसरा मनुष्य रेषा ओलांडून आत आला, खेळ थांबवण्याचा पूर्ण अखत्यार त्याला मिळाला, आणि पूर्वीचे दोघे रेषेवर जाऊन त्याचे सहायक झाले.

त्याच वर्षी आयर्लंडमधील मिलफर्ड गावच्या विल्यम मॅक्रम या गोलरक्षकाच्या सूचनेवरून पेनल्टी किकचा नियम मंजूर झाला. गोल वाचवण्यासाठी कोणी हेतुपुरस्सर आगळीक करील हे गृहीत धरणेच अनेक इंग्रज हौशी खेळाडूंना अपमानास्पद वाटले. परंतु आगळीक होत होती, आणि नियमाने वस्तुस्थितीशी डोळेझाक करून चालत नाही. योगायोग असा की मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धाही १८९१ मध्येच सुरू झाली व पहिल्या वर्षी तो चषक वूस्टरशर रेजिमेंटच्या पलटणीने जिंकला. म्हणजे ज्या वर्षी पंचाला मैदानात आसन मिळाले, त्याच वर्षी आपल्या प्रांतात स्पर्धात्मक फुटबॉलने मूळ धरले. पुढे १९११ मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन अस्तित्वात आली आणि १९३७ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघ स्थापन झाला.

नियमांचा विस्कळित संग्रह १९३८ मध्ये स्टॅन्ली राउस यांनी नव्याने लिहून सतरा नियमांत बसवला, आणि ती संख्या आजतागायत कायम आहे. हे राउस स्वतः नामांकित पंच होते. मैदानाच्या एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे तिरप्या रेषेत धावावे, म्हणजे चेंडू नेहमी आपण आणि सहायक यांच्या दरम्यान राहतो, ही पंचांची धावण्याची रीतही त्यांनीच रूढ केली. नियमांत फेरफार करण्याचा अधिकार १८८६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मंडळाकडे आहे. त्यात ब्रिटनच्या चार संघटनांना प्रत्येकी एक आणि फिफाला चार अशी आठ मते असून कोणताही बदल संमत होण्यास किमान सहा मते लागतात. नवे नियम दरवर्षी १ जुलैपासून अमलात येतात. गोलरक्षकाने चेंडू आठ सेकंदांहून अधिक काळ हातात धरून ठेवल्यास प्रतिपक्षाला कॉर्नर द्यावा, ही २०२५ ची तरतूद त्यांतलीच. ज्या पंचाने पाच वर्षांपूर्वी वाचलेल्या पुस्तकावर विसंबून शिट्टी हाती घेतली, तो प्रामाणिक असूनही चुकीचा न्याय देऊ शकतो.

शिट्टीपूर्वीचा अर्धा तास

सामन्यातील निम्मे तंटे चेंडू हलण्यापूर्वीच टाळता येतात, आणि म्हणून जाणता पंच वेळेच्या बराच आधी मैदानावर हजर होतो. तो प्रथम गोलचे खांब हलवून पाहतो, कारण खांब जमिनीत पक्के रोवलेले असले पाहिजेत ही अट बालकांच्या जिवाशी निगडित आहे; जाळी नसली तर सामना होऊ शकतो, पण डगमगता खांब असेल तर होऊ शकत नाही. दोन खांबांतील अंतर ७.३२ मीटर आणि आडव्या दांड्याची उंची २.४४ मीटर. मग तो फक्कीच्या रेषा पाहत मैदानाला फेरी घालतो. पेनल्टीची खूण ११ मीटरांवर आहे की कोणी अंदाजपंचे पावले टाकून मारली आहे, कोपऱ्यातील निशाणाची काठी दीड मीटरहून आखूड तर नाही, गोलपुढे अणकुचीदार खडे तर राहिले नाहीत, हे तो तपासतो. मैदान खेळण्याजोगे आहे की नाही हे ठरवण्याचा मुखत्यार तोच.

यानंतर खेळाडूंची पाहणी येते, आणि नगरच्या मुलुखात हाच प्रसंग सर्वांत नाजूक ठरतो. बाह्या असलेला सदरा, अर्धी विजार, मोजे, नडगीचे रक्षक आणि पायांत जोडा या पाच वस्तू नियमाने सक्तीच्या आहेत, आणि दागिना मात्र कोणताही चालत नाही; तो चिकटपट्टीने झाकण्याचीही परवानगी नाही. रांगेत उभ्या असलेल्या मुलांपैकी एकाच्या मनगटात कडे असते, दुसऱ्याच्या बोटात आजीने घातलेली अंगठी असते, तिसऱ्याच्या गळ्यात ताईत असतो, आणि चौथ्याच्या गळ्यात वारकरी घराण्याची तुळशीची माळ असते. ज्ञानेश्वरी ज्या नेवाशात सांगितली गेली तो नेवासा याच जिल्ह्यात आहे. येथे ती माळ गळ्यातून उतरवणे ही काय गोष्ट आहे, हे पंचाला कोणी सांगण्याची गरज नाही. परंतु हवेत झेप घेताना प्रतिस्पर्ध्याची बोटे त्या माळेत अडकली तर इजा दोघांनाही होईल, आणि नियम हा श्रद्धेचा न्याय करीत नसून केवळ शरीराची काळजी वाहतो. अशा वेळी सर्वांदेखत दरडावणारा पंच नियमाचे पालन करूनही नियमाची अप्रतिष्ठा करतो. उलट, आदल्या दिवशीच दोन्ही शाळांच्या शिक्षकांना या अटीची जाणीव देणारा, आणि मैदानावर त्या मुलाला जरा बाजूला घेऊन सौम्य शब्दांत कारण समजावणारा पंच तेच काम मानाने पार पाडतो. नियम त्याला ढिला करता येत नाही, पण तो सांगावा कसा हे पूर्णपणे त्याच्या हाती असते.

अनवाणी खेळाडूंविषयीही असेच. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी पायांनी फ्रान्सशी झुंजले आणि केवळ २-१ अशा फरकाने हरले, याचा अभिमान आपण बाळगतो. पण चार वर्षांनी हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवल्यावर बुटांची आवश्यकता आपल्यालाही पटली. आज ज्या मुलाकडे जोडा नाही त्याला पंच खेळू देऊ शकत नाही. मात्र संयोजकांनी चार-दोन जोड अधिक ठेवावेत ही सूचना तो आगाऊ देऊ शकतो, आणि द्यावी.

ज्या गैरसमजांतून तंटे उपजतात

तालुक्याच्या मैदानावर बाजूच्या गर्दीतून उठणाऱ्या आरोळ्या लक्षपूर्वक ऐकल्या तर असे आढळते की पंचावरील बहुतेक आरोप त्याच्या पक्षपातातून नव्हे, तर आरोप करणाऱ्याच्या चार-पाच ठराविक गैरसमजांतून जन्म घेतात.

पहिला गैरसमज रेषेचा. चेंडूचा थोडा भाग रेषेबाहेर गेला की ‘आउट, आउट’ असा गलका होतो. शेताच्या हद्दीचा बांध दोघा शेजाऱ्यांत सामाईक असतो आणि म्हणूनच त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात. फुटबॉलच्या रेषेबाबत मात्र दाव्याला जागाच ठेवलेली नाही, कारण रेषा ज्या क्षेत्राची हद्द दाखवते त्याच क्षेत्राची ती मालकीची असते. चेंडू जमिनीवरून वा हवेतून संपूर्णपणे रेषेपलीकडे गेला तरच तो बाहेर. चेंडूचा व्यास सुमारे २२ सेंटिमीटर. त्यामुळे त्याचा जमिनीला टेकलेला बिंदू रेषेबाहेर असूनही त्याचा फुगीर कडेचा भाग रेषेवर तरंगत राहू शकतो. १ डिसेंबर २०२२ रोजी विश्वचषकात जपानने स्पेनविरुद्ध केलेला निर्णायक गोल नेमका अशाच चेंडूवरून झाला. तो चेंडू रेषेवर दोन मिलिमीटरांहूनही कमी उरला होता, आणि तेवढ्यावर तो खेळातच होता.

दुसरा गैरसमज हाताचा. चेंडू हाताला लागला म्हणजे गुन्हा झालाच, असे मानणारे प्रेक्षक बहुसंख्य आहेत. वस्तुतः नियम विचारतो की हात मुद्दाम चेंडूकडे नेला काय, अथवा खेळण्याच्या त्या हालचालीला न शोभणाऱ्या रीतीने हात पसरून शरीराचा आकार अकारण वाढवला काय. यांपैकी काहीच नसेल आणि जवळून मारलेला चेंडू अंगालगतच्या हातावर येऊन आदळला असेल तर खेळ चालू राहतो. एक अपवाद मात्र स्पष्ट आहे : स्वतःच्या हाताला लागून थेट गोल झाला, किंवा हाताला लागताच त्याच खेळाडूने गोल केला, तर स्पर्श अजाणता असला तरी तो गोल ग्राह्य नाही. आणि हात कोठे सुरू होतो याचीही व्याख्या झालेली आहे. काखेच्या खालच्या पातळीपासून पुढचा तो हात, वरचा तो खांदा.

तिसरा गैरसमज ‘सर, मी आधी बॉलला पाय लावला’ या कैफियतीचा. ही कैफियत खरी असूनही निरुपयोगी असू शकते. प्रतिस्पर्ध्यावर घसरत जाणारा खेळाडू बेसावध होता काय, बेदरकार होता काय, की त्याने गरजेपेक्षा अधिक बळ वापरून समोरच्याला धोक्यात आणले, या तीन पायऱ्यांवर नियम त्याची तपासणी करतो. पहिलीला केवळ फ्री किक, दुसरीला पिवळे कार्ड, तिसरीला लाल. चेंडूला आधी पाय लागला ही बाब या तपासणीत पुरावा म्हणून येते, सबब म्हणून चालत नाही.

चौथा गैरसमज ‘शेवटच्या खेळाडू’चा. बचावातील शेवटच्या माणसाने आगळीक केली की लाल कार्ड, असे सर्रास बोलले जाते. पण नियमात ‘शेवटचा खेळाडू’ असा शब्दप्रयोगच नाही. स्पष्ट दिसणारी गोलसंधी हिरावली गेली काय, एवढाच तेथे प्रश्न आहे, आणि तो सोडवताना पंचाने चार गोष्टी पाहायच्या असतात : गोलपासूनचे अंतर, खेळाची सर्वसाधारण दिशा, चेंडू आक्रमकाच्या ताब्यात राहण्याची शक्यता, आणि बाकीच्या बचावपटूंची संख्या व जागा. शिवाय २०१६ पासून अशी सवलत आहे की चेंडू खेळण्याच्या प्रामाणिक प्रयत्नात पेनल्टी क्षेत्रात आगळीक घडली, तर पेनल्टी देऊन पिवळ्या कार्डावरच भागवावे. कारण पेनल्टीने संधी परत दिलेली असताना संघाला पुन्हा दहा जणांवर आणणे ही दुहेरी शिक्षा होते.

पाचवा गैरसमज शिट्टीचा. फ्री किक घेण्यापूर्वी शिट्टी वाजलीच पाहिजे, असे अनेकांना वाटते. पंचाने कार्ड दाखवण्यासाठी खेळ थांबवला असेल, किंवा भिंत ९.१५ मीटर मागे नेण्याचे काम हाती घेतले असेल, तर शिट्टी आवश्यक आहे. एरवी ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तत्काळ किक घेण्यास हरकत नसते. ३ मार्च २०२३ रोजी बंगळूर येथे इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत, ज्यादा वेळेत, सुनील छेत्रीने केरळ ब्लास्टर्सची भिंत उभी राहण्यापूर्वीच फ्री किक मारून गोल केला. त्या गोलाच्या निषेधार्थ केरळच्या संघाने मैदान सोडले आणि सामना तेथेच संपला. महासंघाच्या शिस्तपालन समितीने त्या संघाला चार कोटी रुपयांचा दंड केला व प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी घातली. भारतातील उच्चतम पातळीवर जर असे घडू शकते, तर शाळकरी मुलांच्या पालकांना दोष देण्यात स्वारस्य नाही; नियम समजावून देणेच श्रेयस्कर.

ऑफसाइडचा न्याय

या सर्वांत पंचाची खरी कसोटी पाहणारा नियम म्हणजे अकरावा, ऑफसाइडचा. १८६३ च्या नियमांत चेंडूच्या पुढे असलेला प्रत्येक सहकारी अपराधी होता; १८६६ मध्ये आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असावेत अशी सूट मिळाली; आणि १९२५ मध्ये तिनाचे दोन झाले. त्या एका अंकाच्या बदलाने इंग्लंडच्या पहिल्या विभागातील गोलांची संख्या एका हंगामात १,१९२ वरून १,७०३ वर गेली. खेळाचे स्वरूप नियमाच्या एका शब्दावर किती अवलंबून असते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

आजच्या नियमाचे दोन भाग आहेत, आणि ते वेगळे ठेवता आले की अर्धा गोंधळ संपतो. पहिला भाग जागेचा : सहकाऱ्याचा चेंडूला स्पर्श झाला त्या क्षणी आक्रमकाचे डोके, धड किंवा पाय यांपैकी कोणताही भाग प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानात असून चेंडूपेक्षा आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा गोलरेषेच्या अधिक जवळ असेल, तर तो ऑफसाइडच्या जागेत आहे. हात हिशेबात धरायचे नाहीत, आणि समपातळीवर असलेला खेळाडू निर्दोष. दुसरा भाग कृतीचा : त्या जागेत नुसते उभे राहणे हा अपराध नाही, तेथून चेंडू खेळणे, प्रतिस्पर्ध्याच्या खेळात वा दृष्टीत अडथळा आणणे, किंवा खांबावरून अथवा गोलरक्षकावरून परतलेल्या चेंडूचा लाभ उठवणे, हा अपराध आहे. गोल किक, थ्रो-इन आणि कॉर्नर यांवरून थेट आलेल्या चेंडूवर तर तो संभवतच नाही.

आता एकट्या पंचाची अडचण ध्यानात घ्यावी. चेंडू मारणारा पाय मैदानाच्या मध्यावर, आणि ज्याची जागा पाहायची तो खेळाडू तीस मीटर पुढे. दोन्ही एकाच क्षणी पाहणे मानवी डोळ्याला शक्य नाही. चेंडू मारल्यानंतर नजर वर उचलेपर्यंत आक्रमक दोन ढांगा पुढे आणि बचावपटू दोन ढांगा मागे आलेला असतो, आणि निर्दोष खेळाडू दोषी दिसू लागतो. यास्तव अनुभवी पंच चेंडूमागे सरळ न धावता मैदानाच्या कडेला सरकून खेळ आडवा पाहतो, चेंडू सुटण्यापूर्वीच बचावाच्या रेषेचे चित्र मनात साठवतो, आणि पायाचा आवाज कानांनी ऐकून डोळे रेषेवर ठेवतो. संघांकडून उसने घेतलेले रेषापंच असले तरी त्यांच्यावर केवळ चेंडू बाहेर गेल्याची खूण करण्याचे काम सोपवावे, ऑफसाइडचा निर्णय स्वतःकडेच ठेवावा. कारण आपल्या शाळेविरुद्ध निशाण उचलण्याचे धर्मसंकट कोणा विद्यार्थ्यावर लादणे योग्य नव्हे.

अखत्यार आणि त्याची मर्यादा

पाचव्या नियमाने पंचाला दिलेला अखत्यार विलक्षण व्यापक आहे. गोल झाला की नाही यासह खेळातील सर्व घटनांविषयी त्याचा निर्णय अखेरचा. सामना सुरू होण्यापूर्वी पाहणीसाठी तो मैदानात शिरला तेव्हापासून गैरवर्तनी खेळाडूला दूर करण्याचा अधिकार त्याला प्राप्त होतो. पण त्याच नियमाने त्याला बांधूनही घातले आहे. चूक ध्यानात आल्यास निर्णय बदलण्याची मुभा त्याला आहे, ती खेळ पुन्हा सुरू होईपर्यंतच. त्यानंतर त्याचाही हात चालत नाही. आणि सामन्यानंतर त्याला लेखी अहवाल द्यावा लागतो, ज्यात त्याने अनुमाने न लिहिता पाहिलेली आणि ऐकलेली वस्तुस्थिती, मिनिटांसह, नोंदवावी अशी अपेक्षा असते.

या अखत्याराचा सर्वांत सुंदर उपयोग शिट्टी न वाजवण्यात आहे. आगळीक झाली, पण चेंडू अन्याय झालेल्या संघाकडेच असून त्याला पुढे वाव आहे, असे दिसल्यास पंच दोन्ही हात पुढे पसरून खेळ चालू ठेवतो, आणि अपेक्षित लाभ काही सेकंदांत पदरात पडला नाही तर मूळ आगळीकीकडे परत येतो. अपराध्याला शासन करण्यापेक्षा ज्याचे नुकसान झाले त्याचे हित पाहणे श्रेष्ठ, हा न्यायाचा उदात्त विचार या लहानशा तरतुदीत सामावला आहे.

कार्डांचा जन्मही परस्परसमजुतीच्या गरजेतून झाला. १९६६ च्या विश्वचषकात इंग्लंड आणि अर्जेंटिना यांच्या सामन्यात जर्मन पंचाने अर्जेंटिनाचा कर्णधार रात्तीन याला बाहेर काढले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि तो बराच वेळ जागचा हलेना. केन अ‍ॅस्टन या इंग्रज पंचाला रस्त्यावरील वाहतुकीच्या दिव्यांवरून पिवळ्या-तांबड्या खुणेची कल्पना सुचली, आणि १९७० च्या मेक्सिको विश्वचषकापासून ती अमलात आली. शिक्षा कोणती हे खेळाडूला, प्रतिपक्षाला आणि दूरच्या प्रेक्षकालाही एकाच वेळी कळावे, हा कार्डाचा हेतू आहे. ते नाकासमोर नाचवून रोष व्यक्त करण्याचे साधन नव्हे.

अखत्यार कितीही मोठा असो, तो मानणाऱ्यांच्या संमतीवर उभा असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरातच भरलेल्या महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धेत, गादी विभागातील निर्णायक लढतीत पाठ टेकली की नाही या वादावरून पराभूत मल्लाने पंचांना लाथ मारली, आणि अंतिम लढतीत दुसऱ्या एका मल्लाने निर्णय न पटल्यामुळे मैदान सोडले. दोघांवरही राज्य संघटनेने तीन वर्षांची बंदी घातली. त्या निर्णयांच्या योग्यायोग्यतेत येथे शिरण्याचे कारण नाही. निर्णय चुकला असे धरले तरी तो दुरुस्त करण्याचा मार्ग तक्रारीचा, अर्जाचा आणि पुनर्विचाराचा आहे. पंचाच्या अंगावर जाणारा खेळाडू एका निर्णयावर नव्हे, तर ज्या व्यवस्थेने त्याचे स्वतःचे पूर्वीचे विजय वैध ठरवले त्या व्यवस्थेवरच प्रहार करतो. ज्या शहराने हे पाहिले, त्या शहरातील शाळांना पंचाच्या प्रतिष्ठेचा धडा अन्यत्र शोधावा लागू नये. फुटबॉलच्या नियमांत यासाठी तरतूद आहेच : निर्णयावर उघड नाराजी दाखवल्यास पिवळे कार्ड, शिवीगाळ वा मारहाण केल्यास लाल, आणि अलीकडे पंचाशी बोलण्यास केवळ कर्णधाराने पुढे यावे, असा दंडकही हौशी फुटबॉलपर्यंत पोहोचला आहे.

पंच घडवणे

पंच जन्माला येत नाही, तो घडवावा लागतो. आणि घडवण्याची शिडी जिल्ह्यापासूनच सुरू होते. लेखी परीक्षा, धावण्याची कसोटी, प्रत्यक्ष सामन्यातील परीक्षण, या पायऱ्या चढत चढतच भारताचे के. शंकर २००२ च्या विश्वचषकात सहायक पंच म्हणून उभे राहिले, आणि गोव्याच्या उवेना फर्नांडिस यांनी २०१६ मध्ये जॉर्डन येथे सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात निशाण हाती धरले. १ डिसेंबर २०२२ रोजी कतार येथे स्टेफनी फ्रापार आणि त्यांच्या दोन सहायक स्त्रियांनी कोस्टारिका-जर्मनी सामना चालवल्यावर, हे काम पुरुषांचेच असे म्हणण्यास आता आधार उरलेला नाही. जिल्ह्यातील मुलींच्या शाळांनी याची विशेष दखल घ्यावी.

नियमपुस्तकाने हौशी खेळाला दिलेल्या सवलतींचीही माहिती संयोजकांना असली पाहिजे. मुले, ज्येष्ठ खेळाडू, दिव्यांग आणि तळागाळातील फुटबॉल यांसाठी मैदान लहान करणे, चेंडू हलका घेणे, सामन्याचा अवधी कमी करणे, बदललेल्या खेळाडूला पुन्हा उतरू देणे, आणि पिवळ्या कार्डाऐवजी काही मिनिटे बाहेर बसवणे, हे सर्व फेरफार नियमानेच मान्य केले आहेत. उन्हाळ्यात पाण्यासाठी एक मिनिटापर्यंतचा आणि शरीर निववण्यासाठी दीड ते तीन मिनिटांचा विराम देता येतो. मुरमाच्या मैदानावर भर दुपारी मुलांना खेळवणाऱ्या संयोजकाने त्या विरामाची तजवीज केलीच पाहिजे.

तथापि सर्वांत परिणामकारक उपाय याहूनही साधा आहे, आणि त्याला खर्च काहीच नाही. प्रत्येक शाळेने सरावाच्या सामन्यांत आळीपाळीने एकेका विद्यार्थ्याला शिट्टी द्यावी. त्याने आधी सतरा नियम वाचावेत, मग आपल्याच मित्रांचा सामना चालवावा, आणि सामन्यानंतर आपल्या दोन निर्णयांची कारणे वर्गासमोर सांगावीत. ज्या मुलाने आपल्या जिवलग मित्राविरुद्ध पेनल्टी दिली आणि ती का दिली हे उभे राहून सांगितले, तो पुढे खेळाडू म्हणून पंचाशी हुज्जत घालण्यापूर्वी क्षणभर थांबेल, प्रेक्षक म्हणून ओरडण्यापूर्वी पाहील, आणि नागरिक म्हणूनही आपल्याविरुद्ध गेलेला न्याय्य निर्णय स्वीकारण्याची सवय त्याच्या अंगी बाणलेली असेल. पंचांची संख्या परीक्षांनी वाढेल. पण पंचांचा मान मात्र नियम जाणणाऱ्या खेळाडूंनी आणि प्रेक्षकांनीच वाढवायचा आहे, आणि ते काम जिल्ह्यातील प्रत्येक शाळेच्या आवाक्यातले आहे.